भरलेले दिवस, आणलेल्या कळा

गर्भारपणाचे दिवस भरत आल्यावर, किंवा आईच्या वा बाळाच्या प्रकृतीच्या कारणाने त्याआधीच, कळा आपोआप येण्याची वाट न पाहता औषधाने अथवा साधनाने त्या सुरू करणे याला प्रसूतिशास्त्रात ‘इंडक्शन ऑफ लेबर’, म्हणजे प्रसूतीचे प्रवर्तन, म्हणतात. पिंपरी-चिंचवडच्या वॉर्डांत आणि चाकणच्या दवाखान्यांत हीच गोष्ट ‘जेल ठेवले’, ‘गोळी ठेवली’, ‘कळांचे सलाईन लावले’ अशा शब्दांत सांगितली जाते. आधीच सुरू झालेल्या पण मंदावलेल्या कळांना औषधाने जोर आणणे ही याहून निराळी बाब आहे, परंतु सलाईन दोन्ही वेळा तेच असल्यामुळे घरच्यांच्या मनात या दोहोंची सरमिसळ होते. भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण शरीराने प्रसूतीला सुरुवात केलेली नसताना ती करायला लावण्याची जबाबदारी पूर्णपणे वैद्यकावर येते, आणि ती पत्करण्याआधी ‘आत्ताच का’ या प्रश्नाचे उत्तर केसपेपरवर लिहिलेले असावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या विषयावर शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि पुढे त्यांत वेळोवेळी सुधारणा केल्या. त्यांत औषधांची नावे व मात्रा आहेतच, पण त्यांच्याइतक्याच वजनाच्या तीन अटीही आहेत. केवळ दिवस उलटले म्हणून कळा आणायच्या असतील, तर ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असली पाहिजे. औषध दिलेल्या स्त्रीला एकटे सोडता कामा नये. आणि शक्य तेथवर हे काम सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणीच व्हावे. तारीख, पहारा आणि शस्त्रक्रियागृहापर्यंतचे अंतर अशा या तीन अटी कागदावर साध्या दिसतात. निगडी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात त्या पाळायच्या म्हटल्या की स्थलांतर, कंत्राटी नोकरी, माहेरची रीत आणि पुणे-नाशिक महामार्ग हे सगळे प्रसूतिगृहात येऊन उभे राहतात, आणि कोणते औषध वापरले यापेक्षा या अटी किती पाळल्या गेल्या यावरच बाळ-बाळंतिणीची सुरक्षितता अधिक ठरते.

या पट्ट्याची जडणघडणच कामासाठी आलेल्या माणसांनी झाली आहे. १९५४ साली पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली, पुढे मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली. त्यानंतरची वाढ चाकण, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या खेड तालुक्यातील गावांकडे सरकली. तेथे औद्योगिक विकास महामंडळाचे टप्पे एकामागून एक उभे राहिले आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली तरुण जोडपी भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. वयोमानाने पाहता हा बाळंतपणांचाच प्रदेश आहे. महापालिकेचे संत तुकारामनगरातील साडेसातशे खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘वायसीएम’, हा या भागाचा मोठा आधार आहे. त्याच्या जोडीला भोसरी, आकुर्डी, थेरगाव येथील महापालिकेची रुग्णालये, पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि गल्लोगल्लीची खासगी नर्सिंग होम आहेत.

कळा आणणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजण्यासाठी गर्भाशयाच्या मुखापासून सुरुवात करावी लागते. नऊ महिने हे मुख लांब, घट्ट आणि मागच्या बाजूला वळलेले असते, आणि तसे असते म्हणूनच बाळ आत राहते. हे मुख ज्यांच्यात अकाली सैल होते अशा स्त्रियांसाठी ते टाक्याने बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया १९५५ साली प्रसिद्ध करणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे आणि कर्मभूमीने मुंबईचे होते, आणि त्यांच्या नावाचा टाका आजही जगभर घातला जातो. दिवस भरत येतात तसतसे हे मुख मऊ पडते, आखूड होते, पुढे येते आणि उघडू लागते. कळांनी ते पुढे उघडायचे असते, पण मऊच न पडलेल्या मुखावर कळांचा मारा केला तर आई थकते, बाळ दमते आणि मुख जिथल्या तिथे राहते. म्हणून प्रवर्तनाचे दोन भाग पडतात: आधी मुख मऊ करणे आणि मग कळा आणणे.

मुख किती तयार आहे हे मोजण्याची पद्धत एडवर्ड बिशप या अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ साली मांडली आणि ती आजही त्यांच्याच नावाने चालते. आतून तपासताना डॉक्टरांची दोन बोटे पाच प्रश्न विचारत असतात: मुख किती उघडले, किती आखूड झाले, हाताला मऊ लागते की कडक, ते मागे आहे की मध्याशी आले, आणि बाळाचे डोके ओटीपोटात किती खाली उतरले. प्रत्येकाला गुण देऊन बेरीज केली जाते, ती जास्तीत जास्त १३ होते, आणि ६ किंवा त्याहून कमी आली तर मुख अजून तयार नाही असे सामान्यतः धरतात. बाहेर थांबलेल्या सासूला ‘दोन बोटं उघडलंय’ एवढेच सांगितले जाते, ते या पाचांपैकी एकाचेच उत्तर असते. बाकीच्या चार उत्तरांअभावी ‘दोन बोटं’ या शब्दांवरून पुढचे काही सांगता येत नाही, आणि तरीही घरात फोनाफोनी त्याच आकड्यावर होते.

साधनांचा इतिहास शंभर वर्षांपेक्षा थोडा अधिक आहे. हेन्री डेल यांनी १९०६ साली मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या अर्काने गरोदर मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते असे दाखवले. तो अर्क लवकरच प्रसूतिगृहात आला, पण त्याची मात्रा हाताबाहेर जात असे आणि गर्भाशय फाटण्याचे प्रकार घडत. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली त्यातील ऑक्सिटोसिन या नऊ अमिनो आम्लांच्या रेणूची रचना उलगडून तो प्रयोगशाळेत तयार केला आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शुद्ध आणि मोजता येणारे औषध हाती आल्यामुळे ते सलाईनमधून थेंबाथेंबाने देणे शक्य झाले. पाणमोट फोडून कळा आणण्याची रीत याहून जुनी असली तरी फुटलेल्या पाणमोटेतून जंतू आत शिरण्याचे भय मोठे होते, आणि पेनिसिलिन सहज मिळू लागल्यावरच ते आटोक्यात आले. देशाचे ते पेनिसिलिन पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनू लागले, ही गोष्ट या भागातील प्रसूतीच्या इतिहासात आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

ऑक्सिटोसिन कळा आणते, पण घट्ट मुख मऊ करण्यात ते कमी पडते. ती उणीव प्रोस्टाग्लँडिन या गटातील द्रव्यांनी भरून काढली. युगांडातील कंपाला येथे सुलतान करीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दिवस भरलेल्या स्त्रियांत त्यांचा वापर करून कळा आणून दाखवल्या. आज ‘जेल’ म्हणून ओळखले जाते ते डायनोप्रोस्टोन त्याच कुळातले असून ते शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मात्र मुळात जठराच्या व्रणांसाठी बाजारात आली, ती साध्या तापमानाला टिकते आणि तिची किंमत अगदी कमी असते. तिसरा मार्ग यांत्रिक आहे: लघवीसाठी वापरली जाणारी फोलीची नळी गर्भाशयाच्या मुखातून आत सरकवून तिचा फुगा पाण्याने फुगवतात, आणि त्याच्या दाबाने मुख हळूहळू उघडते. आजीबाईंच्या एरंडेलालाही शास्त्रीय आधाराचा धागा आहे, कारण त्यातील रिसिनोलेइक आम्ल गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिनच्या ग्राहकांवर काम करते असे २०१२ साली दिसून आले. पण त्याची मात्रा बांधता येत नाही आणि जुलाबांनी बाई अशक्त होते, म्हणून ते घरी घेऊ नये हेच बरे.

फुगा आणि गोळी यांतील सरस कोण, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सरकारी रुग्णालयांत डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात ‘इन्फॉर्म’ नावाचा अभ्यास झाला. त्याच्या मुख्य संशोधकांत नागपूरच्या डॉ. शुचिता मुंडले आणि लिव्हरपूल विद्यापीठाचे अँड्र्यू वीक्स होते. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या आणि त्यामुळे लवकर सुटका करणे आवश्यक ठरलेल्या ६०२ स्त्रियांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडावाटे दिले आणि दुसऱ्या गटात फोलीचा फुगा वापरला. २४ तासांच्या आत योनिमार्गे प्रसूत होणाऱ्यांचे प्रमाण गोळीच्या गटात ५७ टक्के, तर फुग्याच्या गटात ४७ टक्के निघाले, आणि गर्भाशय अतिरेकाने आकुंचन पावण्याचे प्रकार दोन्हीकडे विरळा होते. हा अभ्यास २०१७ साली ‘द लान्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षाचे मोल दुहेरी आहे. रक्तदाबाचा हा विकार, ज्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि ज्यात लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत-मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पुढे झटके येऊ शकतात, तो प्रसूतीनेच ओसरू लागतो. त्यामुळे अशा स्त्रीच्या बाबतीत वाट पाहणे हाच धोका असतो आणि कळा आणणे हा जीव वाचवणारा उपाय ठरतो. दुसरे असे की हे उत्तर युरोपातील वातानुकूलित एकखाटी खोलीतून आलेले नाही. खाटा भरलेल्या, परिचारिका मोजक्या असलेल्या आणि दूरच्या गावांतून उशिरा पोचणाऱ्या स्त्रियांनी गजबजलेल्या सरकारी वॉर्डात ते मिळाले, म्हणून पिंपरी किंवा औंधच्या वॉर्डाला ते जवळचे आहे. मात्र त्या अभ्यासातील स्त्रियांवर ठरल्या नियमाने लक्ष ठेवले गेले होते, हे विसरून केवळ गोळी उचलली तर त्या निष्कर्षाचा आधार उरत नाही. मिसोप्रोस्टॉलची बाजारात सर्रास मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे प्रसूतीच्या एका मात्रेच्या आठपट. ती ब्लेडने कापून अंदाजे आठवा तुकडा काढणे हा जिवाशी खेळ आहे. २५ मायक्रोग्रॅमची तयार गोळी नसेल तर ती अख्खी गोळी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, दर खेपेला पाणी ढवळून २५ मिलिलिटर पाजणे ही मात्रा अचूक राखण्याची सोपी रीत आहे.

आता पहिल्या अटीकडे, म्हणजे तारखेकडे यावे, कारण या पट्ट्यातील खरी अडचण येथेच दडलेली आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढण्याचा नियम जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो २८ दिवसांचे नियमित चक्र गृहीत धरतो. प्रत्यक्षात पाळीची तारीख पुष्कळ जणींना ठाऊक नसते; ती सणाच्या आधाराने आठवली जाते, ‘गणपती बसायच्या आधी’, ‘पंचमीच्या सुमाराला’ अशी. ही आठवण खोटी नसते, पण सण तिथीने येतात आणि अधिक महिना आला की इंग्रजी तारखेत बरेच पुढे सरकतात: गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती, तर २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला आली. गेल्या वर्षीचे कॅलेंडर मनात धरून कोणी कार्डावर तारीख मांडली तर जवळजवळ तीन आठवड्यांची चूक होऊ शकते, आणि या विषयात तीन आठवडे म्हणजे कळा आणण्याची वेळ झालेली असणे आणि मुळीच झालेली नसणे यांतील फरक आहे.

ही चूक सुधारण्याचा उपाय म्हणजे पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी, जिच्यात बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. दिवस जातात तसा हा फरक वाढत जातो, आणि सातव्या महिन्यानंतर प्रथमच केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख तीन आठवड्यांनी इकडेतिकडे होऊ शकते, कारण तोवर बाळांची वाढ आईच्या पोषणाप्रमाणे, आजारांप्रमाणे आणि वंशाप्रमाणे वेगवेगळी झालेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास आढळले होते. असे लहान पण पूर्ण दिवसांचे बाळ उशिराच्या सोनोग्राफीत कमी दिवसांचे वाटू शकते. तेव्हा तारीख पुढे ढकलली जाते, आणि ज्या बाळाची वाढ खरोखर खुंटली आहे, ज्याला लवकर बाहेर काढायला हवे, तेच पोटात जास्त दिवस राहते.

आणि नेमकी ही पहिल्या तिमाहीची सोनोग्राफीच या भागात निसटते. लग्न होऊन चाकणला आलेली मुलगी पाळी चुकल्यावर कामावर सांगत नाही, कारण कंत्राटदाराला कळले तर पुढच्या महिन्यात बोलावणे येणार नाही अशी भीती असते. आशा कार्यकर्तीची घरभेट ती कारखान्यात कामाच्या पाळीवर असताना होते. आणि माता बाल संरक्षण कार्ड काढेपर्यंत चौथा-पाचवा महिना उजाडतो. सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, बीडला किंवा बुलढाण्याला जाते. माहेरच्या दवाखान्यात नवे कार्ड निघते, नवी तारीख पडते, जुने कागद चाकणच्या खोलीत राहतात. उलट दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला किंवा परप्रांतीय कुटुंबांत माहेरी जाणे परवडत नसले की कोणताही कागद नसलेली बाई कळा घेऊनच रुग्णालयात पोचते. अशा स्त्रीला ‘वर दिवस गेलेत’ असे नातेवाईक सांगतात तेव्हा ड्यूटीवरील डॉक्टरांपुढे सरळ उत्तर नसते: तारीख खरी धरून कळा आणल्या आणि बाळ ३७ आठवड्यांचेच निघाले तर त्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो आणि न पिकलेल्या मुखामुळे सिझेरियन ओढवू शकते, तारीख खोटी धरून घरी पाठवले आणि ४२ आठवडे उलटून गेले असले तर वार थकलेली असते, पाणी कमी झालेले असते, बाळाने आतच शी केलेली असते, आणि मृत बालक जन्माला येण्याचा धोका वाढलेला असतो. गरोदर स्त्रीची पहिली सोनोग्राफी बारा आठवड्यांच्या आत होणे आणि तिची प्रत कार्डाला जोडलेली असणे, एवढ्या एका गोष्टीने या पट्ट्यातील कळा आणण्याच्या निर्णयांचा दर्जा जितका सुधारेल तितका कोणत्याही नव्या औषधाने सुधारणार नाही.

दुसरी अट पहाऱ्याची. पाचशे मिलिलिटरच्या सलाईनमध्ये अडीच युनिट ऑक्सिटोसिन घातले तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये पाच सहस्रांश युनिट येतात. साध्या सेटमध्ये एका मिलिलिटरचे वीस थेंब होतात, म्हणून मिनिटाला दहा थेंब म्हणजे मिनिटाला अडीच सहस्रांश युनिट. सिस्टर मनगटी घड्याळ समोर धरून ते थेंब मोजतात, नळीवरचे चाक किंचित फिरवतात, अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात, आणि दहा मिनिटांत तीन ते चार चांगल्या कळा येऊ लागल्या की वाढवणे थांबवतात. इन्फ्युजन पंप असेल तर हे काम यंत्र करते, पण पोटावर हात ठेवून कळ किती टिकली आणि दोन कळांमध्ये गर्भाशय सैल झाले की नाही हे पाहणे यंत्रावर सोडता येत नाही. दोन कळांमधल्या त्या सैलपणातच बाळाला वारेतून प्राणवायू मिळत असतो. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या तर तो अवधी उरत नाही, बाळाचे ठोके उतरतात. तेव्हा सलाईन लगेच बंद करून बाईला डाव्या कुशीवर वळवावे लागते आणि गरज पडल्यास गर्भाशय सैलावणारे इंजेक्शन द्यावे लागते. बाईने उठबस करताना नळी हलली, तिच्यावरचे चाक सैल झाले आणि थेंबांची धार लागली, हे घडायला एक मिनिट पुरते. म्हणून एका सिस्टरकडे किती खाटा आहेत हा आकडा औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे.

याच औषधाचा गैरवापर काय करतो याची नोंदही उपलब्ध आहे. उत्तर प्रदेशातील घरगुती बाळंतपणांत कोणत्याही मोजमापाविना ऑक्सिटोसिनची इंजेक्शने दिली जात असल्याचे पॅट्रिशिया आणि रॉजर जेफरी यांनी सहकाऱ्यांसह २००७ साली तपशिलाने मांडले होते. दुभत्या जनावरांवर होणारा त्याचा वापर थांबवण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशांतर्गत वापरासाठी त्याचे उत्पादन करण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली, तेव्हा बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे हेच प्रमुख औषध असल्याने तुटवड्याची भीती निर्माण झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती अधिसूचना रद्द केली. योग्य हातात जीव वाचवणारे आणि अयोग्य हातात जीव घेणारे औषध बंदीने सुरक्षित होत नाही, ते देणाऱ्याच्या शिक्षणाने आणि देखरेखीने होते.

तिसरी अट अंतराची. प्रवर्तन सुरू केले की काही स्त्रियांना सिझेरियन लागणार हे गृहीतच धरावे लागते, आणि ते लागते तेव्हा तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात बालकाचा अतिदक्षता विभाग या तिन्ही गोष्टी एका छताखाली असतील तरच हा हिशेब जमतो. चाकणहून पिंपरीचे अंतर वीसेक किलोमीटरचे आहे, परंतु तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक येथे कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या आणि दुचाक्या यांची जी कोंडी होते, तिच्यात १०८ची रुग्णवाहिकाही भोंगा वाजवत उभी राहते. त्यामुळे छोट्या ठिकाणी कळा आणून ‘पाहू, नाही जमले तर पुढे पाठवू’ असे धोरण ठेवणे या रस्त्यावर समर्थनीय नाही. पाठवायचे असेल तर गोळी ठेवण्याआधी, दिवसाउजेडी, सोबत कागद देऊन पाठवावे.

गेल्या काही वर्षांत चर्चा दुसऱ्या टोकालाही गेली आहे. अमेरिकेतील ‘अराइव्ह’ या ६,१०६ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, पहिलटकरणींना कोणतीही गुंतागुंत नसताना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या तर सिझेरियनचे प्रमाण २२.२ टक्क्यांवरून १८.६ टक्क्यांवर येते असे दिसले. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांना ३९व्या आठवड्यात प्रवर्तन सुचवण्याचा मसुदा मांडला होता, त्यावर मोठी टीका झाली आणि अंतिम मार्गदर्शिकेत तो राहिला नाही. ‘अराइव्ह’चा आधार आपल्याकडील खासगी रुग्णालयांत आवडीने घेतला जातो, परंतु त्या अभ्यासातील प्रत्येक स्त्रीची तारीख सोनोग्राफीने पक्की केलेली होती, आणि कळांना प्रतिसाद मिळायला पुरेसा वेळ देण्यावर भर होता. येथे संध्याकाळी जेल ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी ‘प्रगती नाही’ म्हणून सिझेरियन केले जात असेल, तर त्या अभ्यासाचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही. मुख तयार नसलेल्या पहिलटकरणीला केवळ मुख मऊ होण्यासाठीच एक दिवस लागू शकतो, आणि पाणमोट फुटल्यानंतर किमान बारा तास ऑक्सिटोसिन दिल्याशिवाय, आई व बाळ ठीक असताना, प्रवर्तन फसले असे म्हणू नये असा आता संकेत आहे.

नोकरीचे नियमही या निर्णयात अदृश्यपणे सामील असतात. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, तिच्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. पण बाळाबरोबर जास्त दिवस मिळावेत म्हणून स्त्रिया शेवटपर्यंत कामावर जातात, मग तारीख उलटली की रजेचा एकेक दिवस वाया जातो आहे असे वाटू लागते आणि ‘डॉक्टर, आता कळा आणा’ ही विनंती घरातूनच येते. नवरा रोजंदारीवर असेल तर तो रुग्णालयाच्या आवारात बसलेला प्रत्येक दिवस बिनपगारी जातो. ही विनंती उतावीळपणाची म्हणून झटकून टाकू नये. तिचे कारण खरे असते. पण तिला उत्तर म्हणून गोळी देण्याऐवजी मुखाची तपासणी, बाळाच्या ठोक्यांची व पाण्याची पाहणी, आणि हवे असल्यास पाणमोटेचा पडदा बोटाने मुखापासून हलका सोडवण्याची साधी क्रिया करता येते, जिने कित्येकींना औषधाविना कळा सुरू होतात.

या सगळ्यात जिच्या शरीरावर हे घडते तिला सांगितले किती जाते, हा प्रश्न उरतो. संमतिपत्रावर सही नवऱ्याची किंवा सासऱ्याची घेतली जाते, मजकूर इंग्रजीत असतो, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा आझमगढहून आलेल्या बाईला आपल्याला कळांचे औषध का देत आहेत हे वॉर्डातील शेजारणीकडून समजते. आणलेल्या कळा आपोआप आलेल्या कळांपेक्षा लवकर तीव्र होतात, हे आधी माहीत असलेली बाई घाबरत नाही. माहीत नसलेली बाई ‘माझ्यात काहीतरी बिघडलं’ असे समजून सिझेरियनची मागणी करते. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री राहू देण्याची सूचना दिली, डिसेंबर २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहाच्या दर्जाचे निकष ठरवले गेले. ज्या वॉर्डात आई किंवा जाऊ शेजारी बसून पाठ चोळते, तेथे सिस्टरलाही हाकेला एक माणूस मिळते, हे लेबर रूममधील कोणीही सांगेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाल्याचे आढळले आणि सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के होते; चौथ्या फेरीत ते २०.१ टक्के होते. याचा अर्थ असा की दुसऱ्या खेपेला दिवस राहिलेल्या स्त्रियांत पोटावर आधीचा टाका असलेल्यांची संख्या वाढत जाणार, आणि त्यांना मिसोप्रोस्टॉल देता येत नाही, कारण जुना व्रण फाटून गर्भाशय उकलण्याचा धोका असतो. त्यांच्या कळा आणायच्या झाल्या तर फुगा आणि अत्यंत जपून दिलेले ऑक्सिटोसिन एवढेच मार्ग राहतात, तेही आधीचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा घेतलेला असेल तरच. तो उभा असेल तर तेवढेही नाहीत. हे कळण्याचा एकमेव आधार म्हणजे आधीच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, आणि भाड्याची खोली बदलताना सर्वांत आधी हरवते ते तेच. वायसीएम असो वा चाकणचे छोटे नर्सिंग होम, सिझेरियन झालेल्या बाईला घरी सोडताना छेद कोणता होता आणि तो का घ्यावा लागला हे दोन ओळींत मराठीत किंवा हिंदीत लिहून द्यावे, त्याचा फोटो तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये काढायला लावावा, आणि पुढच्या वेळी पाळी चुकल्यावर बारा आठवड्यांच्या आत तो दाखवायचा असतो, हे तिला आणि तिच्या सासूला दोघींनाही समोर बसवून सांगावे.